सूज उतरल्यावर

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत मुलं मला टरकून असतात, मी वर्गात शिरले की मागच्या बाकांवरची कुजबुज बंद पडते, पण घरी कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तर मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी राहून गॅस कसा बंद करावा याचा विचार करते. जीभ मात्र घाबरट नाही. ती कुणाचं ऐकत नाही. त्या मे महिन्यात जे झालं, त्यात पहिली चूक जिभेची होती आणि दुसरी भीतीची, म्हणजे दोन्ही माझ्याच.

पेपर तपासून, निकालपत्रकं लिहून मी मोकळी झाले होते. आमचं घर रत्नागिरीत नाचणे गावाच्या बाजूला, आणि आंब्याची कलमं गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, स्कूटरने अर्ध्या तासाच्या अंतरावर. माझे यजमान सरकारी कचेरीत नोकरीला आहेत. त्यांना मी घरात 'हे' म्हणते आणि इथेही 'हे'च म्हणणार आहे, दुसरं काही लिहायला हात धजत नाही. बाजारात जाणारे आंबे गडी उतरवतात, पण घरात खायचे आणि मुंबईला मुलीकडे पाठवायचे आंबे आपणच काढायचे, असा ह्यांचा हट्ट. रविवारी जुनी पँट चढवून हे झाडावर जातात आणि मी खाली उभी राहून कुठला आंबा काढायचा नि कुठला नाही ते सांगते. हे काम मला कुणी दिलेलं नाही. मी घेतलेलं आहे.

झेला म्हणजे लांब बांबू, त्याच्या टोकाला पातं आणि पात्याखाली दोऱ्याची जाळी. फांदीवर बसलेला माणूस तो बांबू पुढे सरकवतो, देठ कापला की आंबा जाळीत पडतो, मग हातावर हात टाकत बांबू मागे ओढायचा. बांबू मागे आला की त्याचा बुडखा आपोआप खाली जमिनीकडे येतो. म्हणून झेल्याखाली उभं राहायचं नाही. सुट्टीत आलेल्या भाचरंडांना मी दर वर्षी यावरून दम देते.

"तो नको, कोवळा आहे अजून! त्याच्या शेजारचा!" मी खालून ओरडले.

"शेजारचा म्हणजे कुठला गो? इथं सगळेच शेजारी आहेत."

मला राग आला. एवढा ढळढळीत आंबा दिसू नये? मी चार पावलं आत गेले, बोट वर केलं, मान वर केली. नेमका त्याच वेळी ह्यांच्या घामेजल्या हातातून बांबू निसटला. मी बुडखा येताना पाहिला. पाहिला म्हणजे एक गोल करडी वस्तू मोठी होताना दिसली, आणि डोक्याच्या आत अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला. तो आवाज बाहेर कुणाला ऐकू गेला नसेल. मला अजून कधीकधी येतो.

दुखलं नाही, ही त्यातली गंमत. मी पाचोळ्यावर बसकण मारली. डाव्या गालावर हात ठेवला तर गाल हाताला लागत होता, पण हात गालाला लागत नव्हता. वरचा ओठ, नाकपुडीची बाजू, सगळं बधिर, दाढ काढायच्या आधी सुई टोचतात तसं. गडी धावत आला. "वयनी, डोळा उघडा बघू. दिसतंय ना?" दिसत होतं. धूसर, पण दिसत होतं. मी म्हटलं, दिसतंय ना, मग झालं. हे झाडावरून कसे उतरले कुणास ठाऊक. कोपर सोललेलं, तोंडाला रंग नाही, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा: "माझ्या हातून... माझ्या हातून गो..."

"चल, दवाखान्यात जाऊ," हे म्हणाले.

मी नाही म्हणाले.

का नाही म्हणाले, ते लिहायला मला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिमग्याच्या सुमाराला आमच्या आळीतली एक बाई डोळा काळानिळा करून भाजीवाल्याच्या गाडीपाशी आली होती. कपाटाचं दार लागलं, असं ती म्हणाली. ती दोन पावलं गेली नसेल, तोच मी म्हटलं, "दार बरोबर डोळ्याच्याच उंचीवर येतं, नाही?" सगळ्या हसल्या. सगळ्यांत जास्त मी हसले. तिचं खरं काय होतं, मला आजही माहीत नाही. आता माझा काळानिळा गाल त्याच आळीतून जाणार होता आणि त्याच बायका तिथे उभ्या असणार होत्या. हे म्हणजे झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस, त्याच्याबद्दल त्या काय बोलतील ते मला शब्दन् शब्द माहीत होतं, कारण तसले शब्द मीच पुरवते.

तेव्हा मी ठरवलं की चेहऱ्यावरचा निळेपणा जाईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. सुट्टीच आहे. कुणी विचारलंच तर कलमांवरच्या मांगराच्या, म्हणजे राखणीच्या खोपीच्या, जांभ्याच्या पायरीवर पाय घसरून पडले, असं सांगायचं. ह्यांना मी तसं बजावलं. हे काही बोलले नाहीत. मी त्यांचं गप्प राहणं होकार धरलं.

संध्याकाळपर्यंत डोळा मिटून गेला. आंबेहळद उगाळून गालावर थापली. दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर पिवळ्याखाली जांभळं आणि जांभळ्याखाली काळं. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. चहा प्यायले तर वरच्या ओठावरून ओघळून साडीवर पडला आणि मला कळलंदेखील नाही. मी ह्यांच्याकडे पाठ करून चहा प्यायला लागले.

तिसऱ्या दिवशी मी मनापासून घाबरले. नाकात रक्ताची खपली अडकली होती, श्वास नीट येईना. ओट्यापाशी वाकून मी नाक शिंकरलं. त्यासरशी डोळ्याखालचा भाग टम्म फुगला, एका क्षणात, मी तिथे उभी असताना. हात लावला तर कातडीखाली काहीतरी चुरचुरलं. दाबलं की पुन्हा चुरचुर. आत वारा शिरला होता, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी मला वाटलं, हाडाचा चुरा झालाय आणि तो सरकतोय. मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि बादलीवर बसून रडले. हे बाहेरून विचारत होते, "काय झालं गो?" मी म्हटलं, "साबण गेला डोळ्यात." तेव्हाच जायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण फुगलेला चेहरा घेऊन तर मी अजिबातच जाणार नव्हते.

मग सूज उतरायला लागली. आम्हाला किती आनंद झाला! रोज सकाळी हे मला खिडकीशी उभं करायचे, उजेडात चेहरा बघायचे आणि म्हणायचे, "कालच्यापेक्षा बराच उतरला." आठव्या दिवशी निळ्याचं हिरवट पिवळं झालं. गाल बसत चालला होता आणि तो बसतोय म्हणून आम्ही दोघं देवाला साखर ठेवत होतो. बसत चाललेला गाल आणि उतरत चाललेली सूज यांतला फरक आम्हा दोन शिकलेल्या माणसांना कळला नाही.

एक गोष्ट मात्र मी बोलले नव्हते. डोळा उघडल्यापासून मला वरच्या बाजूला दोन दिसायचं. समोर बघितलं की जेमतेम एक, त्यालाही कडेने सावली. वर बघितलं की दोन. फडताळाच्या वरच्या फळीवर पोह्यांचा डबा काढायला हात घातला तर एकावर एक असे दोन डबे. मी त्यातला एक पकडायला गेले आणि हात हवेत मिटला. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. दोन. एक डोळा झाकला की एक. मी दिवसातून वीस वेळा डोळा झाकून बघायला लागले. मी शिक्षिका आहे. फळ्याकडे बघणं हे माझं पोट आहे. स्कूटरवर समोरून एकाच्या जागी दोन ट्रक आले तर मी कुठल्याला वाट द्यायची? डोळा जाणार, माझा डोळा जाणार, हे वाक्य भांडी घासताना, फुलं काढताना, निजताना डोक्यात फिरत राहायचं.

दहाव्या दिवशी मुलीचा फोन आला. पायरीवर पडले, एवढंच मी तिला आधी सांगितलं होतं. सूज नव्हती, रंग फिका झाला होता, म्हणून मी पहिल्यांदाच तिला व्हिडिओवर तोंड दाखवलं. पावडरही लावली होती. ती फोनजवळ तोंड आणून बघायला लागली. मग म्हणाली, "आई, फोन जरा सरळ धर. सरळच आहे? मग तुझा डावा गाल कुठे गेला?"

"सूज उतरली ना, म्हणून तसं वाटतं."

"सूज उतरून गाल उजव्यासारखा व्हायला हवा. तुझा खड्डा झालाय. बाबा, तुम्ही समोर बसून काय बघता हो?"

हे उठले. माझ्या दोन्ही गालांवर त्यांनी दोन बोटं ठेवली आणि वरून खाली नेली, एकदा, दोनदा. उजव्या बाजूला बोटाला उंचवटा लागत होता. डाव्या बाजूला बोट सरळ खाली उतरत होतं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. मग मी सांगून टाकलं, दोन दिसतं म्हणून. कधीपासून, ते मात्र सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी आम्ही स्कॅन काढला आणि चेहऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते आठवड्यातून दोनदा कोल्हापूरहून घाट उतरून येतात. तरुण होते. माझ्या पहिल्या पहिल्या विद्यार्थ्यांतला एखादा शोभला असता. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, डोकं हलवू नका म्हणाले आणि बोट वर नेलं. "किती?" "दोन." तोंड उघडायला लावलं. ओठाला कापूस लावून कळतं का विचारलं. मग पडद्यावर माझी कवटी उघडली. स्वतःची कवटी बघणं हे काही बरं नाही. मी ह्यांची बाही धरली.

"हे गालाचं हाड," डॉक्टर म्हणाले, "चार ठिकाणी टेकलेलं असतं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला, डोळ्याच्या खाली, वरच्या दाढांच्या वर, आणि इथून कानाकडे जाणारी ही कमान. तुमचं चारही ठिकाणी सुटलंय आणि अख्खं आत ढकललं गेलंय. म्हणून तोंड उघडत नाही, खालचा जबडा ह्याला अडतोय. आणि डोळा ज्या तळावर टेकतो तो कागदासारखा पातळ असतो. त्याला चीर गेलीय. डोळ्याखालचा मऊ भाग त्या चिरेत अडकून बसलाय, तो डोळ्याला वर जाऊ देत नाही. उजवा डोळा वर जातो, डावा जात नाही. म्हणून दोन."

"बरं होईल ना?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. मला विचारलं, "कसं लागलं, मावशी?"

"पायरीवर पडले."

"हं." ते पडद्याकडे बघत राहिले. "हे हाड बाइकवरून पडलेल्यांचं मोडतं, कबड्डीत कोपर लागून मोडतं, मारामारीत मोडतं. पायरीवर पडूनही मोडतं. पण पडणारा माणूस हात टेकतो, नाक फुटतं, हनुवटी फुटते, दात हलतात. तुम्हाला बाकी कुठं काहीच नाही. एकाच जागी, एकाच बारक्या वस्तूचा मार आहे." मग अगदी मऊ आवाजात, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

हे बाहेर गेले. दार लागलं.

मग मी खरं सांगितलं. झेला, फांदी, कोवळा आंबा, शेजारचा आंबा, निसटलेला बांबू. सांगताना मला माझाच आवाज खोटा वाटत होता. पायरी किती झटकन सांगितली होती, आणि खरं सांगताना मी अडखळत होते. डॉक्टरांनी मध्येच विचारलं, "मग त्याच दिवशी का नाही आलात?"

लोक काय म्हणतील म्हणून, हे मी बोलले खरी, पण पुटपुटल्यासारखं.

"ज्यांना लपवायचं काही नसतं, मावशी, ते त्याच दिवशी येतात."

ह्यांना वाचवायला म्हणून मी अकरा दिवस घरात बसले, आणि त्या अकरा दिवसांनीच ह्यांच्यावर बोट रोखलं होतं. कागदावर आधी सांगितलेलं आणि नंतर सांगितलेलं, दोन्ही लिहीन, असं डॉक्टर म्हणाले. ते चुकत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

मग त्यांनी ह्यांना आत बोलावलं आणि पुढचं सांगितलं. पूर्ण भूल द्यायची. वरच्या हिरडीच्या आतून एक छेद, भुवईच्या टोकाशी एक, खालच्या पापणीच्या कडेला एक. आत गेलेलं हाड आकड्याने उचलून जागेवर आणायचं आणि टायटॅनियमच्या बारक्या पट्ट्या, बारके स्क्रू लावून धरून ठेवायचं. अडकलेला भाग चिरेतून सोडवून डोळ्याखाली जाळी बसवायची. "दोन आठवडे होत आले की हाड चुकीच्या जागी धरायला लागतं. तुमचं धरायला लागलंय. ते आधी सोडवावं लागेल. अजून उशीर केला असतात तर पुन्हा मोडावंच लागलं असतं."

"आणि डोळा?" मी विचारलं.

"डोळ्याच्या मागे रक्त साठून दृष्टी जाण्याचा धोका असतो. क्वचित."

"क्वचित म्हणजे किती?"

"क्वचित." त्यांनी पडद्यावरच्या चिरेवर बोट ठेवलं. "दोन दिसणं पूर्ण जाईल, असं मात्र मी आज सांगू शकत नाही. पहिल्या आठवड्यात आला असतात तर जास्त खात्रीनं बोललो असतो."

मी मनात दिवस मागे मोजायला लागले. तिसरा दिवस, बादलीवर बसून रडले तो. आठवा दिवस, साखर ठेवली तो.

तेराव्या दिवशी सकाळी दाखल झालो. काउंटरवर संमतीचा कागद आला. पहिली सही माझी, ती मी न वाचता केली, कारण वाचलं असतं तर पळून गेले असते. खाली नातेवाइकाची सही. ह्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मागे माणसं खोळंबली होती. नर्स म्हणाली, "काका, सगळ्यांना हाच कागद असतो." हे वाचतच होते. 'दृष्टी' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सिस्टर," हे म्हणाले, "ह्यांना माझ्या हातून लागलंय. मग माझी सही चालेल का?"

रांगेतल्या माना आमच्याकडे वळल्या. एक बाई तर उघड उघड वाकून बघायला लागली. नर्सने डॉक्टरांकडे पाहिलं, ते तिथेच फाईल घेऊन उभे होते. मी इतके दिवस पदर तोंडाशी धरून जे झाकत होते, ते ह्यांनी दहा माणसांसमोर एका वाक्यात सांगून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पायरीची गोष्ट ह्यांनी एकदाही कुणाला सांगितलेली नव्हती. ती मीच सांगितली होती, मुलीला आणि डॉक्टरांना.

डॉक्टर पुढे आले. त्यांनी सहीच्या जागेवर बोट ठेवून दाखवलं. ह्यांनी सही केली. ती ह्यांच्या सहीसारखी आली नाही.

मला आत नेताना ह्यांनी माझा चष्मा हातात घेतला. छतावरचे दिवे एकाचे दोन होऊन मागे जात होते. मी मोजत होते आणि निम्मे करत होते. गणिताच्या बाईंना भीती वाटली की त्या असलं काहीतरी करतात. कुणीतरी दीर्घ श्वास घ्या म्हणालं.

जाग आली तेव्हा दुपार कलली होती. डावा डोळा उघडेना. पट्टी होती की सूज, कळेना. अंधार होता. त्या बाजूला सगळा अंधार होता. मी ओरडले असं मला वाटलं, पण आवाज आला नसावा, कारण नर्स शांतपणेच आली. तिने माझी पापणी दोन बोटांनी उचलली आणि टॉर्च मारला.

"उजेड दिसतो?"

दिसला. पाण्याखालून दिसावा तसा, पण दिसला. मी रडायला लागले तर ती म्हणाली, "रडू नका, नाक भरेल, आणि नाक शिंकरायचं नाही." दर थोड्या वेळाने ती यायची, पापणी उचलायची, बोटं दाखवायची. ती येण्याच्या आधी मी श्वास धरून बसायची. या वेळी दिसलं नाही तर? रक्त साठायला लागलं असेल तर? हे कॉटच्या पायथ्याशी उभे राहून तिच्या बोटांपेक्षा माझ्या तोंडाकडे बघत असायचे.

पुढचे दिवस शिंकेच्या धाकात गेले. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, त्या कुशीवर निजायचं नाही. माझं नाक जरा हुळहुळलं की हे आधी स्वतःचं तोंड वासायचे, मला आठवण राहावी म्हणून. एकदा राउंडला आलेल्या डॉक्टरांनी ते पाहिलं. वासलेल्या तोंडाचे हे, आणि पेजेचा चमचा हातात. डॉक्टर हसले. ह्यांच्याशी ते पहिल्यांदाच हसून बोलले, "काका, शिंक त्यांना आलीय." त्यांचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, मी कधी विचारलं नाही.

गाल परत आला. थोडा सुजलेला, थोडा बधिर, पण आला. तोंड उघडायला लागलं. समोर बघितलं की एकच दिसायला लागलं, स्वच्छ, कडेची सावली नसलेलं. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी बोट समोर धरलं, "किती?" "एक." उजवीकडे एक, डावीकडे एक, खाली एक. मग बोट वर, कपाळाच्या वर नेलं. मी जीव एकवटून बघितलं.

दोन.

"सहा महिने बघू," ते म्हणाले. "आतला भाग मोकळा व्हायला वेळ लागतो. रोज व्यायाम करा, बोट वर नेऊन बघायचं. पण उशीर झाला होता, हे लक्षात ठेवा. थोडं राहिलंच तर राहील."

तो व्यायाम ह्यांनी अंगावर घेतला. रोज सकाळी आंघोळ करून खिडकीशी, बोट हळूहळू वर. "किती गो?" "दोन." बोट खाली. दुसऱ्या दिवशी "किती गो?" "दोन." मी दोन म्हटलं की ह्यांचा चेहरा पुन्हा त्या दिवशीच्यासारखा व्हायचा, झाडावरून उतरतानाचा. ह्यांचं जेवण कमी झालं. हे झोपेत हात मिटायचे, काहीतरी धरल्यासारखा. शाळा सुरू झाली, मी फळ्यावर नजरेच्या खालीच लिहायला लागले, वरचं वाचायचं असलं की हनुवटी उचलून बघायची सवय लावली आणि निभावून नेलं. पण रोज सकाळी तो चेहरा मला बघवेना. मला माझ्या डोळ्याची भीती वाटायची, तितकीच आता त्या चेहऱ्याची वाटायला लागली.

गणपतीनंतर एका रविवारी सकाळी ह्यांनी बोट वर नेलं. "किती गो?"

"एक," मी म्हणाले.

ह्यांनी पुन्हा वर नेलं. "नक्की?"

"एक म्हटलं ना. किती वेळा विचाराल?"

हे खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं. त्या दिवशी ह्यांनी दोन वेळा भात मागून घेतला आणि दुपारी घोरायला लागले. व्यायाम बंद झाला. मला वाटलं, सुटले. कधी कधी वर बघताना पाय डळमळायचे, जिना चढताना वरच्या पायऱ्या दुप्पट दिसायच्या, पण ते माझं मला.

दिवाळीच्या सुट्टीआधी एके दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आले, चप्पल काढली आणि सवयीप्रमाणे किती वाजले ते पाहिलं. साडेतीन. पिशवी ठेवली, पाणी प्यायले, आणि मग लक्षात आलं की मी हनुवटी उचलली नव्हती. घड्याळ माझ्या डोळ्यासमोर होतं. स्वयंपाकघराच्या दारावर असायचं ते दाराच्या बाजूला, हातभर खाली आलं होतं. कॅलेंडरही खाली. फडताळ उघडलं तर वरची फळी रिकामी, पोहे, साबुदाणा, शेंगदाणे, सगळे डबे माझ्या खांद्याच्या रेषेत रांगेने मांडलेले. देवाची तसबीर काढून हे हातात घेऊन उभे होते, तोंडात खिळा, काखेत हातोडी. कचेरीतून रजा घेऊन ते घरी थांबले होते, आणि मी इतक्या लवकर येईन, हे त्यांना माहीत नव्हतं.

"हे काय चाललंय?"

ह्यांनी तोंडातला खिळा काढला. "वरचे खिळे ढिले झाले होते."

मी दारावर पाहिलं. मान वर केली तेवढ्यात जमीन जरा हलली, म्हणून चौकट धरली. घड्याळाचा जुना खिळा भिंतीत होता तसाच होता, पक्का. त्याला जळमट लागलेलं होतं. मी बघत राहिले. हे मागे येऊन उभे राहिले, आणि विचारलं, "किती गो?"

"दोन," मी म्हणाले.

ह्यांनी मान हलवली. मग तसबीर माझ्यासमोर भिंतीला लावून धरली आणि म्हणाले, "इथं बरी दिसते का बघ. की आणखी खाली घेऊ?"